समोरासमोरची पाती

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक पिशवी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "पेशंटच्या वस्तू आहेत, बघून घ्या." आत आक्कांचा चष्मा होता, कानातली फुलं होती, मिश्रीची डबी होती आणि एक फ्यूज होता. पांढरा, चिनी मातीचा, कडेला टवका उडालेला... आमच्या भातगिरणीच्या मेन स्विचमधला. "हे काय हो? कनवटीला खोचलेलं होतं. साडी बदलताना खाली पडलं," नर्सबाईंनी विचारलं.   फ्यूज आक्कांच्या कनवटीला होता, याचा अर्थ आमच्या घरात एकच होतो. बाई गिरणीचा पंखा घासायला बसली होती. माझ्या गळ्याची शप्पथ घेऊन वर पंख्याला बसली होती.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, हौसाबाई. जाऊ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं भांडणच येतं, आणि आम्हीही काही कमी भांडलो नाही. पण माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी माझी ओटी भरली, ती भरताना कानात म्हणाल्या होत्या, "भिऊ नगं, म्या हाय हितं." तेवढ्या एका वाक्यावर मी या घरात नांदले. माझं माहेर हिर्डोशीचं, सासर गुंजवण्याच्या बाजूचं. पुढं यांच्या नोकरीमुळं आम्ही भोरला बिऱ्हाड केलं, मी तिथं शिवणाचे क्लास सुरू केले, आणि आक्का आणि दादा, म्हणजे माझे थोरले दीर, गावाकडं राहिले. धरणात खाचरं गेली तेव्हा दादांनी उरल्या तुकड्यावर रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड मारली आणि भातगिरणी घातली. आजूबाजूच्या वाड्यांतलं भात तिथंच भरडलं जायचं, अजूनही जातं.

गिरणीतला पंखा म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पॉलिशच्या मशीनमधून तांदूळ एकीकडं पडतो आणि त्याचा बारीक कोंडा ब्लोअरचा पंखा ओढून बाहेर फेकतो. हा कोंडा तेलकट असतो. मुठीत घेऊन चोळून बघा, हाताला मेण लावल्यासारखं वाटतं. हंगामभर हा तेलकट कोंडा पंख्याच्या पात्यांवर बसतो, त्यावर धूळ बसते, त्यात बेरिंगचं ग्रीस मिसळतं, आणि सगळं मिळून असा काही काळपट चिवट थर होतो की पुसून निघत नाही, खरवडावाच लागतो. म्हणून दरवर्षी खंडेनवमीच्या आधी पंखा उघडायचा. पट्टा उतरवायचा, पत्र्याच्या डब्याचे नट काढायचे, आत हात घालून खुरप्यानं एकेक पातं खरवडायचं, मग डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं पुसायचं. आणि नवमीला त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडायचा.

पहिली काही वर्षं हे काम दादांकडं होतं. दादा माणूस देवभोळा, पण कामाचा उरक मोठा. एका वर्षी त्यांनी वरून हात पोचतील तेवढीच पाती लख्ख केली, कारण कुंकू लावायचं ते वरच्याच पात्यांना. खालची कोण बघतंय! आम्ही सगळे नटून उभे. आरती झाली, नारळ फुटला, दादांनी बटण दाबलं... आणि अहो, गिरणी नाचायला लागली! एका अंगाला घाण, एका अंगाला चकचकीत, तो पंखा सरळ फिरणार कसा? पत्रे वाजायला लागले, मशीनवर ठेवलेलं ताट खाली आलं, खोबऱ्याचे तुकडे कोंड्यात. दादा तोंडावर हात धरून उभे. आक्का पुढं झाल्या, मेन स्विच पाडला, आतला फ्यूज उपसून काढला आणि कनवटीला खोचला. "आजपास्नं पंखा माझा," एवढंच म्हणाल्या. त्या वर्षी नवमीला देवाचा नैवेद्य थंड झाला, पण पंखा पुरा निघाला. त्यानंतर तो फ्यूज कनवटीला खोचल्याशिवाय पंख्याचा डबा कधी उघडला नाही. आपला हात आत असताना कुणी येडबागडं बटण दाबायला नको, म्हणून. आणि काम पुरं झाल्याशिवाय तो कनवटीचा फ्यूज कुणाच्या बापालाही मिळायचा नाही.

पाती घासायची त्यांची तऱ्हा होती. पंख्याला सहा पाती. एक घासलं की दुसरं शेजारचं नाही घ्यायचं, त्याच्या बरोबर समोरचं घ्यायचं. मग पुन्हा एक, मग त्याच्या समोरचं. मी पहिल्यांदा बसले तेव्हा ओळीनं घासायला लागले, तर मनगटावर चापट बसली. "जोडीनं घे गं! मधीच कुनी बाळत झालं, कुनी मेलं, उठावं लागलं, तर पंखा येकांगी ऱ्हायाला नगं. कावडीचं कसं, दोनी घागरी सारख्या." मी म्हटलं, "आक्का, तुमी काय आज बाळंत होताय?" तर एवढ्या हसल्या की डोळ्यांत कोंडा गेला.

चिंध्या पुरवायचं काम माझं. वर्षभर क्लासमध्ये कापडाचे तुकडे पडायचे, ते मी एका गोणीत भरत जायचे आणि नवरात्रात ती गोणी घेऊन एसटीनं गावी जायचे. कंडक्टर विचारायचा, "काय बाई, लग्नाचा बस्ता का?" मी म्हणायचे, "व्हय, पंख्याचं लगीन हाय." आक्का ती गोणी उलटी करून आधी चिंध्या निवडत बसायच्या. रेशमी तुकडा निघाला की बाजूला ठेवायच्या, गोधडीला. मग आम्ही दोघी पाटावर बसायचो, पंख्याच्या दोन बाजूंना, आणि बोलत बोलत घासायचो. सासूबाईंची निंदा तिथं झाली, नवऱ्यांची तिथं झाली, माझं पोर राहिलं नाही तेव्हाचं रडणं तिथं झालं. दोन्ही हात ग्रीसनं काळे, त्यामुळं डोळे पुसायची सोय नसायची. जे यायचं ते ओघळू द्यायचं.

दादा गेले त्या वर्षी मला वाटलं, पंखा यंदा राहील. आक्का दादांच्या मातीला रडल्या नाहीत. दहाव्याला रडल्या नाहीत. बाया कुजबुजायला लागल्या, की ही कसली दगडाची. गिरणी सुरू करायची वेळ आली तेव्हा मी गोणी घेऊन गेले. त्यांनी फ्यूज काढला, डबा उघडला, खुरपं घेतलं आणि कोपरापर्यंत नाही, खांद्यापर्यंत आत वाकल्या. डोकंसुद्धा डब्यात. थोड्या वेळानं आतून आवाज आला... पत्र्याच्या डब्यात तो आवाज असा काही घुमला की शेडवर बसलेली कबुतरं उडाली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसून राहिले. बाहेर आल्या तेव्हा तोंड सगळं काळं, त्यावरून पाण्याच्या धारा. "बघ, आतलं लई बसलं होतं," म्हणाल्या, आणि चिंधी मागितली.

खोकला कधी सुरू झाला ते कुणालाच नीट सांगता येत नाही. गिरणीतल्या माणसाला खोकला असतोच, असं आम्ही धरून चाललो होतो. नाकाला पदर बांधला की झालं, ही त्यांची समजूत. शंकरनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, किकवीच्या बाजूच्या त्याच्या कंपनीतून चांगला मास्क आणून दिला होता. तो आक्कांनी गिरणीत खिळ्याला टांगून ठेवला. "घातला की बोलायला येत न्हाई गं. गिऱ्हाईक म्हनतं, बाईचं तोंड बांधलं का कुनी?" तो मास्क अजून तिथंच आहे. वर धुळीचा थर आहे, आतून मात्र कोरा. कर्म आमचं!

गेल्या चैत्रात जिना चढताना त्या दोनदा खाली बसल्या, तेव्हा मी त्यांना जबरदस्तीनं पुण्याला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. फुंकरच लागेना. डॉक्टर तरुण होता, पण बोलला स्वच्छ. "आजी, धूळ फुप्फुसात बसलीय, ती आता निघायची नाही. उरलाय तेवढा श्वास सांभाळायचा. गिरणीत पाऊल टाकायचं नाही, आणि तो पंखा तर बघायचाही नाही." आक्का म्हणाल्या, "मंग भात कोन भरडनार, तुमी?" तो बिचारा हसला. परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. खेड-शिवापूर मागं पडल्यावर हळूच मला विचारलं, "शालन, फुप्फुसाला पन पाती असत्यात का गं? कुनी खरवडून देत न्हाई का?" त्या चेष्टेनं म्हणाल्या की खरंच विचारत होत्या, मला आजतागायत कळलेलं नाही. मी रागावले. रागावले म्हणजे रडायला नको म्हणून रागावले. म्हटलं, माझ्या गळ्याची शप्पथ घ्या, पंख्याला हात लावणार नाही म्हणून. त्यांनी माझा गळा चिमटीत धरला, तिथंच, एसटीत, माणसांपुढं. "तुझ्या गळ्याची शप्पत. न्हाई लावनार."

आणि मी विश्वास ठेवला. गळ्याची शप्पथ खोटी घेतली तर ज्याचा गळा तो माणूस मरतो, असं आमच्याकडं मानतात. लहानपणापासून मानत आलोय. आक्का कितीही हट्टी असल्या तरी माझ्या जिवावर उठणार नाहीत, एवढं मला ठाऊक होतं.

पण एक गोष्ट झाली होती, ती मी तेव्हा नीट जोखली नाही. त्याच्या आदल्या वर्षी शंकरनं आईला त्रास नको म्हणून हवेचा कॉम्प्रेसरवाला माणूस बोलावला होता. त्यानं पाइप लावला आणि भस्सकन हवा मारली. सगळी कोरडी धूळ उडाली आणि शेडभर झाली, घरात शिरली, आक्कांच्या अंथरुणापर्यंत गेली. पात्यावरचा मेणचट थर मात्र जिथल्या तिथं. हवेनं धूळ उडते, मेण नाही उडत. पुढचे कितीतरी दिवस आक्का बसूनच झोपत होत्या. यंदाही शंकरनं त्यालाच सांगून ठेवलं होतं. पोराचंही काय चुकलं? आईला हात लावू द्यायचा नाही, स्वतःला कंपनीतून सुट्टी नाही, आणि दसरा आला. त्याच्या परीनं तो आईला जपतच होता.

शेवटचं बोलणं फोनवर झालं. पितृपंधरवडा चालू होता. मी म्हटलं, "आक्का, चिंध्यांची गोणी भरलीय. घटस्थापना झाली की येते, मी आणि शंकर मिळून पंखा करतो, तुमी लांब ओसरीवर बसून नुसत्या शिव्या द्या." त्या म्हणाल्या, "नगं येऊ. शंकर करतुया. झालाच म्हन." बोलताना मध्ये मध्ये थांबत होत्या. मी विचारलं, "धाप लागलीय का?" तर म्हणाल्या, "न्हाई गं, जिना उतरले आत्ता." अर्ध्या तासानं शंकरच्या बायकोचा फोन आला... आत्या (सासूला ती आत्या म्हणते) गिरणीच्या दारात पडल्यात. शंकर त्या वेळी कंपनीत ड्यूटीवर होता. म्हणजे बाई माझ्याशी बोलली ती पंख्यापाशी बसून, हात ग्रीसचे असताना.

दवाखान्यात नाकातोंडाला नळ्या लावलेल्या होत्या. त्या नंतर बोलल्याच नाहीत. मी उशाशी उभी राहून त्यांचा हात धरला, तर नखांच्या कडेला काळं. मला तेव्हाही वाटलं, मिश्रीचं असेल. गेल्या, आणि मग ती पिशवी हातात आली, आणि त्यात फ्यूज. उभ्या जन्मात मी त्यांना अगंतुगं केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. चादर ओढलेल्या त्या देहापुढं उभी राहून ओरडले, "खोटारडे! गळा माझा धरला होतास ना गं? मग मेलीस तू का?" शंकरनं मला धरून बाहेर नेलं. लोकांना वाटलं, धाकट्या जावेला दुःखानं भ्रम झाला. दुःख होतंच. पण राग त्याच्याहून मोठा होता, आणि तो अजून गेलेला नाही, हे लिहितानाही गेलेला नाही.

यंदा सण नव्हता. नवमीला गिरणीला कुणी हळदकुंकू वाहिलं नाही, शेडला कुलूपच होतं. फ्यूज माझ्याकडं होता. शंकरनं दोनदा मागितला, मी दिला नाही. तो म्हणाला, "काकी, नवा बसवतो, दुकानात मिळतो." मी म्हटलं, "बसवून तर बघ."  दिवाळी गेली, भातं कापली, झोडली. लोक येऊन शेडकडं बघून जायला लागले. तोंडानं कुणी काही म्हणत नव्हतं, दुःखाचं घर म्हणून. पण वाडीतल्या एका म्हाताऱ्या मामांनी भाताचं पोतं आणून शेडच्या दाराला टेकवून ठेवलं आणि नुसतं एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हितं. हौसाबाईला नव्याचा पहिला तांदूळ दावायचा तर भरडावाच लागंल." मग मात्र मला घरात बसवेना.

मी चिंध्यांची गोणी घेतली आणि गेले. शंकरनं सुट्टी काढली होती. कॉम्प्रेसरवाल्याला त्यानं नको म्हणून सांगितलं होतं, मी न सांगताच. कुलूप काढलं. पाट तिथंच होता, पंख्यापुढं. खुरपं जमिनीवर. डब्याचं झाकण उघडं, नट एका वाटीत नीट ठेवलेले. त्या दिवसापासून आत कुणी आलंच नव्हतं. मी पाटावर बसले, फ्यूज पिशवीतून काढून माझ्या कमरेला खोचला, पदर नाकाला बांधणार तर शंकरनं खिळ्यावरचा मास्क झटकून पुढं केला. घातला. आत हात घालून पंखा हळूच फिरवला.

पहिलं पातं लख्ख. त्याच्या शेजारचं घाण. मी त्याच्या समोरचं बघितलं, तेही लख्ख. एक जोडी झाली होती. मग तिसरं बघितलं, ते खरवडलेलं होतं, पण टोकाकडं थोडं राहिलेलं, हात दमल्यासारखं. आणि त्याच्या समोरचं जे होतं... त्याच्यावर खुरप्याची खूण नव्हती. त्याच्यावर बोटं होती. वरपासून खालपर्यंत, काळ्या थरात, चार बोटांचे ओढलेले पट्टे. खुरपं हातातून सुटलं असणार, वाकून उचलायला श्वास नसणार, चिंधी जवळ नव्हती, चिंध्या सगळ्या माझ्याकडं भोरला. तेव्हा बाईनं नखांनी ओरबाडलं ते पातं. बाकीच्या दोन पात्यांना हात लावला नव्हता. ती समोरासमोरची होती, सारखी घाण. पंखा एकांगी राहिला नव्हता.

 तिसऱ्या पात्याला धाप लागली तेव्हाच उठली असती तर? दारात जाऊन सुनेला हाक मारली असती तर? पण एक घासलं आणि समोरचं राहिलं, असं उठायचं कसं! त्या एका पात्यासाठी... काय बोलायचं या बाईला? शंकर माझ्या खांद्यावरून आत बघत होता. त्यालाही दिसलं. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा हमसून रडायला लागला, "आई गं, आई गं," एवढंच. मी त्याला बाहेर ओसरीवर पाठवलं.

मग मी राहिलेली दोन पाती घासली. आधी एक, मग त्याच्या समोरचं. तिसऱ्याचं टोक साफ केलं. आणि मग ते बोटांचं पातं समोर आलं. मला वाटलं, राहू दे. एवढं एक राहू दे. त्या पट्ट्यांवर मी माझी बोटं ठेवून बघितली, माझी जरा आखूड पडली. बराच वेळ हात तसाच ठेवला. पण तेवढा थर एका अंगाला राहिला असता तर पंखा थरथरला असता, बेरिंग गेलं असतं, आणि आक्कांनी वरून शिव्या घातल्या असत्या त्या वेगळ्याच. मी खुरपं उचललं. वरपासून सुरुवात केली आणि खाली येईपर्यंत सगळं खरवडून काढलं. खाली कोंड्याच्या काळ्या वळ्या पडल्या, त्या चिंधीनं टिपल्या. पातं पुसलं. डिझेलनं पुन्हा पुसलं. आता तिथं काही नव्हतं, नुसता लोखंडाचा उजेड.

डबा बंद केला, नट आवळले, पट्टा चढवला. शंकर दारात आला, डोळे सुजलेले. मामांचं पोतं आत आणलं. तो म्हणाला, "काकी, फ्यूज द्या." मी कमरेला हात लावला. तो टवका उडालेला तुकडा अंगाच्या उबेनं गरम झाला होता. काम पुरं झालं होतं, आता द्यायलाच हवा होता. मी दिला. त्यानं तो बसवला, स्विच वर केला, बटण दाबलं. पंखा फिरला. ना पत्रा वाजला, ना मशीन हललं. इतका सरळ फिरला, की मला वाटलं, थोडा तरी थरथरायला हवा होता.